चाकांवरच्या बिऱ्हाडाचा गॅस

उसाचा हंगाम आला की बैलगाडीवर संसार लादून निघालेली बिऱ्हाडे आपण दर वर्षी पाहतो. इंग्लंड-युरोपातही चाकांवरची बिऱ्हाडे फिरतात; मात्र ती बहुतेक हौसेची. तिकडे या गाडीला ‘मोटारहोम’ म्हणतात. टेंपोएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाडीतच झोपायची जागा, ओटा, मोरी, संडास, कपाटे असे सगळे बसवलेले असते. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी त्यातून महिनोन् महिने हिंडतात. घरभाडे झेपत नाही म्हणून बारा महिने गाडीतच राहणारेही आहेत, आणि त्यांना हौशी म्हणता येणार नाही.

या बिऱ्हाडाची सारी भिस्त गॅसवर असते. स्वयंपाक गॅसवर, अंघोळीचे पाणी गॅसवर, थंडीत गाडी उबदार ठेवणारी शेगडी गॅसवर, आणि ऐकून नवल वाटेल, फ्रीजसुद्धा गॅसवर! स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा फ्रीज शोधून काढला. अमोनिया मिसळलेले पाणी तापवले की अमोनियाची वाफ वेगळी होते. ती निवून पातळ होते आणि पुन्हा उडून जाताना भोवतालची उष्णता ओढून घेते. त्यात ना मोटर, ना आवाज. रानात उभ्या राहणाऱ्या गाडीला याहून सोयीचे काय असणार?

गॅस किती कामाचा असतो ते आकड्यांत पाहू. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात सुमारे १८० युनिट विजेएवढी उष्णता भरलेली असते. उलट, १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात जेमतेम सव्वा युनिट मावते. म्हणजे एका सिलिंडरची बरोबरी करायला शंभरावर बॅटऱ्या लागतील. दिवा, पंखा, मोबाइल यांना बॅटरी पुरते. पाणी तापवायचे आणि रात्रभर ऊब धरायची म्हटले की ती लगेच थकते.

त्यात थंडीची एक अडचण आहे. गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन असे दोन प्रकार असतात. पाणी गोठते तेवढ्या थंडीत ब्युटेन सिलिंडरात पातळच राहतो, त्याची वाफ होत नाही. प्रोपेन मात्र उणे ४० अंशांपर्यंत साथ देतो. म्हणून हिवाळ्यात फिरणाऱ्यांना प्रोपेनच हवा असतो.

गॅस मिळवण्याचे मार्ग दोन. एक आपल्यासारखाच: रिकामे सिलिंडर देऊन भरलेले घ्यायचे. दुसरा म्हणजे गाडीत कायमची टाकी बसवायची आणि मोटारींसाठी गॅस विकणाऱ्या पंपावर लिटरच्या मापाने ती भरून घ्यायची. टाकी ८० टक्के भरली की झडप आपोआप बंद होते, कारण गॅसला फुगायला जागा ठेवावीच लागते. हा मार्ग स्वस्त आणि सोपा. आपल्याकडेही २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन मोटारीत एलपीजी वापरायला परवानगी मिळाली. शहरांतल्या रिक्षांमुळे असे पंप काहींनी पाहिले असतील. (घरगुती सिलिंडरातला गॅस गाडीत भरणे मात्र आपल्याकडे गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ तर आहेच.)

ब्रिटनमध्ये १९९० नंतरच्या दशकात या गॅसवरचा कर कमी ठेवण्यात आला. पेट्रोलच्या गाड्या गॅसवर चालवण्यासाठी अनुदानही मिळू लागले. पंप वाढत वाढत हजारावर गेले. मोटारहोमवाल्यांचे आयतेच फावले. पण पंप त्यांच्यासाठी निघाले नव्हते. रोज पळणाऱ्या मोटारींसाठी ते निघाले होते, आणि उसाच्या पाटाकडेला उगवलेल्या झाडाला पाणी मिळावे तसा या बिऱ्हाडांना गॅस मिळत होता.

पुढे अनुदान थांबले. कारखान्यातूनच गॅसची सोय होऊन येणाऱ्या गाड्या बंद झाल्या, डिझेलच्या गाड्या वाढल्या. म्हणजे विजेची गाडी रस्त्यावर येण्याआधीच या धंद्याला ओहोटी लागली होती. तेव्हा सगळे खापर तिच्या माथी फोडणे बरोबर नाही. पण राहिलेली आशा तिने संपवली हेही खरे. ब्रिटनमध्ये २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी १९.६ टक्के निव्वळ विजेच्या होत्या. नॉर्वेत तर ८८.९ टक्के. आता पंपवाल्याचा हिशेब पाहा. दाबाखालची टाकी सांभाळायची, ठरावीक अंतर मोकळे सोडायचे, वेळोवेळी तपासणी करून घ्यायची, आणि गिऱ्हाईक कोण? दीड-दोन महिन्यांतून चाळीसेक लिटर नेणारे एखादे फिरते बिऱ्हाड! त्यापेक्षा टाकी काढून त्या जागी चार्जिंगची यंत्रे बसवणे त्याला परवडते. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते.

सगळीकडे अशी स्थिती नाही. पोलंड, इटली, तुर्कस्तान या देशांत गॅसवरच्या मोटारी अजून भरपूर आहेत आणि पंपही आहेत. पण एका देशाच्या नोझलचे तोंड दुसऱ्या देशाच्या टाकीला बसत नाही. चार प्रकारची तोंडे युरोपात चालतात. म्हणून माहितगार माणूस जोडतुकड्यांची पिशवी सोबत ठेवतो. सिलिंडर बदलायचे म्हटले तरी प्रत्येक देशाचे सिलिंडर वेगळे.

या बदलाची झळ तिकडच्या शेतकऱ्यालाही लागते. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने मान्यताप्राप्त क्लबांच्या दाखल्यावर शेतात पाच गाड्यांपर्यंत मुक्काम ठेवता येतो, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. फ्रान्समध्ये १९९३ पासून द्राक्षवाले आणि शेतकरी अशा गाड्यांना एक रात्र फुकट उतरू देतात. पाहुणा जाताना दारू, मध, चीज असे काही विकत घेऊन जाईल हा त्यातला हिशेब. गाडीत गॅस असला की शेतकऱ्याने नुसते सपाट गवत आणि पाण्याचा नळ दिला तरी भागत होते.

गॅस नसलेला पाहुणा आता पहिल्यांदा वीज आहे का ते विचारतो. कुणी डिझेलवरची शेगडी बसवून घेतो, कुणी लिथियमची बॅटरी आणि छतावर सौर पत्रे. उन्हाळ्यात ते छान चालते. पण इंग्लंडच्या डिसेंबरात दिवस आठ तासांचा, त्यातही आभाळ भरलेले. मग शेतकऱ्याच्या खांबावरून तार ओढावी लागते. बऱ्याच ठिकाणी एका गाडीला १० अँपिअरच मिळतात, म्हणजे सव्वादोन किलोवॅटच्या आसपास. शेगडी चालू असताना कुणी चहाची किटली लावली की फ्यूज उडालाच! पाच गाड्यांना पुरेल अशी जाड केबल टाकायची तर चर खणण्यापासून खर्च आला, आणि मुक्कामाचे भाडे थोडके. काही शेतकरी तो खर्च करून भाडे वाढवतात. जे करत नाहीत, त्यांच्या शेतात गाड्या उन्हाळ्यातच उतरतात.