ज्वारीच्या पतंगाची ओळख

सोलापूर जिल्ह्यात ज्वारीचे पीक कोवळे असताना काही पानांवर एका ओळीत बारीक छिद्रे दिसू लागतात. पुढे पोंगा वाळतो व ताट चिरले असता आत अळी सापडते. हा खोडकिडा होय. या अळीपासून वाळल्या गवताच्या रंगाचा लहानसा पतंग तयार होतो. शेजारच्या उसातही जवळजवळ तशाच पतंगाची अळी पोंगा मारते. हे दोन्ही पतंग जवळच्या नात्यातील असले तरी त्यांच्या जाती भिन्न आहेत.

ज्वारीच्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी १८८५ साली, मुंबई व दख्खनमधील पतंग आणि फुलपाखरांवरील आपल्या लेखात केले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या निसर्गेतिहास संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होत. आज या पतंगास कायलो पार्टेलस म्हणतात. जुन्या पुस्तकांत तो कायलो झोनेलस या नावाने आढळतो.

एखादी जात नवी आहे, हे केवळ रंगावरून ठरत नाही. पतंग टाचणीवर लावून त्याचे पंख पसरतात, पंखांतील शिरा पाहतात आणि पोटाच्या टोकाशी असलेली जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बाहेरून सारखे दिसणारे पतंग बहुधा येथेच वेगळे पडतात. पूर्वी वर्णिलेल्या कोणत्याही जातीशी नमुना जुळला नाही, तर त्यास नाव देऊन वर्णन प्रसिद्ध करतात व तो मूळ नमुना संग्रहालयात जतन करतात. पुढे शंका आल्यास त्याच नमुन्याशी ताडून पाहता येते. ब्लेझिन्स्की यांनी १९७० साली जगातील सर्व कायलो जातींची अशीच फेरतपासणी प्रसिद्ध केली.

हे काम केवळ विद्वानांच्या हौसेचे नव्हे. १९३० च्या सुमारास हाच पतंग आफ्रिकेत, आजच्या मलावी देशात आढळला. १९३२ साली त्यास नवी जात समजून दुसरे नाव देण्यात आले. तो मूळचा आशियातील, हे ओळखल्यामुळेच त्याचा नैसर्गिक शत्रू आशियात शोधता आला. पाकिस्तानातून नेलेली कोटेशिया फ्लॅव्हिपस ही परोपजीवी गांधीलमाशी १९९३ साली केनियाच्या किनारी भागात सोडण्यात आली. ती तेथे स्थिरावली आणि खोडकिड्याचा उपद्रव कमी झाला.

पिकात अनोळखी अळी आढळल्यास कृषी सहायकांनी व शेतकरी बंधूंनी ती ताटाच्या तुकड्यासह बरणीत ठेवावी व तोंडास पातळ फडके बांधावे. पतंग बाहेर पडल्यावर त्याचे पंख हाताळू नयेत. पंखांवरील खवले झडल्यास ओळख पटविणे कठीण होते. गाव, तारीख व पीक लिहिलेली चिठ्ठी सोबत जोडून नमुना जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात द्यावा. चिठ्ठीवाचून नमुन्याचा अर्धा उपयोग नाहीसा होतो.

ज्वारीच्या कापणीनंतर मात्र विलंब करू नये. वाढलेल्या अळ्या ताटांत व धसकटांत दडून राहतात. यासाठी धसकटे वेचून नष्ट करावीत आणि कडब्याची कुट्टी करून ती जनावरांस घालावी.