गरिबीची रेषा आणि आपला गल्ला

जगात गरिबी घटते आहे, असे वाचून आपले कारागीर बांधव विचारतात, मग आमच्या गल्ल्यात ते का दिसत नाही? जरा हिशेब पाहू. जागतिक बँकेने जून 2025 मध्ये गरिबीची रेषा माणशी रोज 3 डॉलरवर नेली. डॉलरचा बाजारभाव इथे लावत नाहीत. आपल्याकडची स्वस्ताई धरून रुपये काढतात. या मापाने भारतात 2011-12 साली 27.1 टक्के लोक गरीब होते, 2022-23 मध्ये 5.3 टक्के उरले. जगात मात्र 2022 साली दहांतील एक जण रेषेखालीच होता.

मेख अशी, की आपल्या देशात कमाई नव्हे, खर्च मोजतात. मिरजेचा सतारमेकर घ्या. हत्यारांचे काम सुटले तेव्हा शिकलगारांनी वाद्ये हाती घेतली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ऑर्डर आली तर महिना बरा, नाही तर उसनवारी. कर्ज काढून दवाखान्याचे बिल भरले, की पाहणीत त्याचा खर्च वाढतो आणि तो रेषेच्या वर दिसू शकतो! दुष्काळी वर्षी उधारीवर घर चालवणारा जत, आटपाडी, माण, खटावचा छोटा दुकानदारही तसाच. म्हणून आम्ही सुचवतो, वहीत घरखर्च आणि उसने पैसे वेगळ्या पानांवर मांडावेत. वाढलेली रक्कम धंद्याची की कर्जाची, ते घरीच कळेल.