दोन घरचा पाहुणा, तरी पोटभर जेवलेला

‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून रोज अशा कितीतरी ईमेल सुटतात. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, भेट ठरते, कुणाचं काही अडत नाही. तरी इंग्रजीच्या हिशेबाने तिथे ‘मीटिंग यू’ हवं. हे सांगितलं की समोरचा चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्तच आहे. ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, असं शाळेत घोकून घेतलं होतं ना? मग इथेच हे ‘आयएनजी’ कुठून उपटलं?

कारण इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. ‘आय वाँट टू मीट यू’ यातला ‘टू’ नुसती क्रियापदाची खूण आहे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ यातला ‘टू’ मात्र अस्सल प्रेपोझिशन, म्हणजे नामाशिवाय न हलणारा. दोघांना ओळखायचं तर पुढचं क्रियापद काढून तिथे एखादं नाम ठेवून पाहावं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द मॅच’ छान बसतं. ‘आय वाँट टू द मॅच’ जागच्या जागी कोसळतं. जिथे ‘मॅच’ बसते तिथे क्रियापदाला ‘आयएनजी’ लावूनच आत जावं लागतं. म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली’ म्हणजे लवकर उठायची मला सवय आहे. आणि ‘आय यूज्ड टू वेक अर्ली’ म्हणजे एके काळी उठायचो, आता नाही. एका ‘ॲम’ने केवढी उलथापालथ!

खरी गंमत याच्या मागे आहे. हे दोन ‘टू’ मुळात एकच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘पिणे’ला ‘ड्रिंकान’ म्हणत आणि ‘प्यायला’ म्हणायचं तर ‘टो ड्रिंकेन्ने’. म्हणजे तिथेही ‘टू’ प्रेपोझिशनच होता आणि त्याच्यामुळे क्रियापदाचं शेपूट नामासारखं बदलत होतं. आपल्या ‘प्यायला’, ‘करायला’मधला ‘ला’ जे करतो तेच. पुढे इंग्रजीतली बहुतेक शेपटं झडली, विभक्ती गेली आणि ‘टू’ नुसता नावाला उरला. प्रेपोझिशननंतर यायला मग ‘आयएनजी’ पुढे आलं. फॉर, विदाउट, बिफोर, आफ्टर, इन्स्टेड ऑफ, कुणीही समोर असो, क्रियापदाने त्याच वेषात यायचं.

पण हे ‘आयएनजी’ नुसतं नाम नाही. ‘द क्विक रीडिंग ऑफ द लेटर’ आणि ‘रीडिंग द लेटर क्विकली’ ही दोन रूपं शेजारी ठेवून बघा. पहिल्यातलं ‘रीडिंग’ पक्कं नाम आहे: पुढे ‘द’, विशेषण ‘क्विक’, आणि पत्राला जोडायला ‘ऑफ’. दुसऱ्यातल्या ‘रीडिंग’ला पत्र थेट कर्म म्हणून लागतं आणि ‘क्विकली’ हे क्रियाविशेषणही चालतं. तरीही सगळा पुंजका ‘बाय’ किंवा ‘आफ्टर’च्या मागे नामासारखा गुपचूप बसतो. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. हा पठ्ठ्या दोन्ही घरी जेवून येतो. ह्यालाच जेरंड म्हणतात.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपण ‘पत्राचं वाचन’ म्हणतो आणि ‘पत्र वाचणं’ही म्हणतो. ‘वाचन’ला षष्ठी लागते, ‘वाचणं’ला थेट कर्म चालतं. ‘भराभर पत्र वाचण्याने’ यात ‘भराभर’ क्रियापदाचं आणि ‘ने’ नामाचा. आपल्याकडे दोन कामांना दोन शब्द आहेत, इंग्रजीने दोन्हीला एकच ‘रीडिंग’ दिलं, इतकाच फरक.

एकच का दिलं? तर जुन्या इंग्रजीत खरोखर दोन वेगळी रूपं होती. क्रियेचं नाव सांगणारं ‘उंग’ किंवा ‘इंग’, आणि ‘करत असलेला’ हा अर्थ देणारं ‘एंडे’, म्हणजे व्याकरणातलं पार्टिसिपल. जर्मनने ही जोडी आजही सांभाळली आहे: ‘लेझुंग’ म्हणजे जाहीर वाचनाचा कार्यक्रम, ‘लेझंट’ म्हणजे वाचत असलेला. इंग्रजीत मात्र ११०० नंतरच्या काही शतकांत ही रूपं उच्चाराने एकमेकांत मिसळत गेली आणि शेवटी ‘इंग’ तेवढं उरलं. दोन बिऱ्हाडं एका खोलीत आल्यावर भांडण ठरलेलंच.

ते भांडण सर्वनामावरून पेटलं. ‘त्याचं गाणं मला खपत नाही’ हे इंग्रजीत ‘हिज सिंगिंग’ म्हणायचं की ‘हिम सिंगिंग’? ‘सिंगिंग’ नाम असेल तर षष्ठी हवी, म्हणजे ‘हिज’. इंग्लंडमधले हेन्री फाउलर याच मताचे. धाकट्या भावासोबत ग्वेर्न्सी बेटावर राहून त्यांनी लिहिलेलं ‘द किंग्ज इंग्लिश’ १९०६ साली निघालं, त्यात त्यांनी ‘हिम सिंगिंग’ या थाटाच्या रचनेला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असं नाव ठेवून झोडपलं. १९२६ सालच्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये पुन्हा तेच. त्याच वर्षी डॅनिश भाषापंडित ओट्टो येस्पर्सन यांनी मोठमोठ्या इंग्रजी लेखकांची उदाहरणं समोर मांडून, ही रचना भाषेत केव्हाची रुळलेली आहे, असं दाखवलं. इंग्रजांना इंग्रजी शिकवायला कोपनहेगनचा प्राध्यापक यावा, हे मला फार आवडतं.

कोण बरोबर, हे वाक्यंच सांगतात. ‘द चान्स ऑफ दॅट हॅपनिंग’, म्हणजे तसं घडण्याची शक्यता. इथे फाउलरांची षष्ठी आणायची तर आणणार कुठून? ‘दॅट’ला षष्ठीच नाही. ‘द चान्स ऑफ देअर बीइंग अ मिस्टेक’मधल्या ‘देअर’लाही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस निवडून येण्याची शक्यता सांगताना त्या अख्ख्या लांबलचक नामाला षष्ठी जोडली तर ऐकणारा हसेल. नियमाचं सोवळं अशा ठिकाणी सुटतंच.

म्हणून फाउलर चुकले असंही नाही. कुठे कुठे ‘हिज’ आणि ‘हिम’ वेगवेगळं सांगतात. ‘आय हर्ड हिम सिंगिंग’ म्हणजे तो गात असताना माझ्या कानावर आला. ‘आय ॲडमायर्ड हिज सिंगिंग’ म्हणजे गाण्याची तारीफ, माणूस कसाही असो. आणि वाक्याची सुरुवातच अशा रचनेने होत असेल तर ‘हिज लीव्हिंग सरप्राइज्ड अस’ हेच कानाला बरं वाटतं.

आपल्याकडेही असा दुहेरी मार्ग आहे, फक्त त्यावरून कुणी पुस्तक लिहून भांडलं नाही. ‘तुझ्या येण्यामुळे’ म्हणा की ‘तू आल्यामुळे’. पहिल्यात षष्ठी, दुसऱ्यात कर्ता जसाच्या तसा. ‘पाऊस पडल्यामुळे’ सगळे म्हणतात. ‘पावसाच्या पडण्यामुळे’ म्हणणारा बहुधा कवी असतो.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणाने तर जेरंड आणि पार्टिसिपल वेगळे मानणंच सोडून दिलं आणि दोघांना मिळून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असं एकच नाव दिलं. शतकांपूर्वी उच्चाराने जे केलं त्याला पंडितांनी शेवटी मान्यता दिली, एवढंच. तुम्ही मात्र अर्जात, प्रबंधात ‘थँक यू फॉर युअर कन्सिडरिंग’ अशी ओढूनताणून षष्ठी घुसवू नका. तिथे ‘थँक यू फॉर कन्सिडरिंग’ एवढंच पुरतं. कर्ता सांगावाच लागला तर औपचारिक लिहिण्यात ‘हिज’, ‘माय’ ठेवा, गप्पांत ‘हिम’ खुशाल वापरा, आणि कुणी टोकलं तर त्याला ‘दॅट’ची षष्ठी विचारा.