सूर लावायचा तर घरापासून

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या घरांत एक मागणी हमखास पुढे येते. मुलगा म्हणतो, मला तबला शिकायचा आहे. मुलगी म्हणते, मला पेटी हवी. कधी ही मागणी मुलांची नसतेच. चाळिशी गाठलेली अम्मी म्हणते, लहानपणी राहून गेले, आता तरी शिकते. मग घरात दोन तट पडतात. दादीमाँ म्हणतात, आपल्यात हे चालत नाही. अब्बा म्हणतात, मग अभ्यास कोण करणार? मामूंना वेगळीच चिंता, लोक काय म्हणतील! बहुतेक वेळा चर्चा इथेच संपते आणि मागणारा गप्प बसतो. हौस मात्र मरत नाही. ती मोबाईलमध्ये, कानात घातलेल्या इअरफोनमध्ये जाऊन लपते.

मूल आपल्यापासून काही लपवू लागले, ही गोष्ट पेटी-तबल्याहून मोठी आहे. म्हणून हा विषय आम्हांला महत्त्वाचा वाटतो. गाणे-वाजवणे शिकायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ते माहिती घेऊन ठरवावे.

हरकत कुठे आहे?

पहिला प्रश्न दीनचा. तो टाळून पुढे जाता येणार नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये एकमत नाही, आणि ते आजचे नाही. वाद्यांना सरसकट मनाई आहे असे मानणारा मोठा वर्ग आहे. त्यांच्या म्हणण्यामागे हदीस आणि फिकहचा आधार आहे, त्याची थट्टा करू नये. दुसरीकडे सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आलेला ईदच्या दिवसाचा प्रसंगही आपल्याला ठाऊक आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना रागावून थांबवू पाहिले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या मुलींना गाऊ द्यायला सांगितले. शादी आणि ईदच्या प्रसंगी डफ वाजवण्याला पुष्कळ उलेमा मान्यता देतात, ती अशा रिवायतींच्या आधारावर. इमाम गजाली यांनी आपल्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात 'समाअ' म्हणजे गाणे ऐकण्याच्या प्रश्नावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. शब्द कोणते, हेतू काय, सोबत कोणाची, यांवर त्यांनी हुकूम ठरवला. त्यांनीही काही वाद्यांना मनाई केलीच.

आम्ही येथे फतवा देत नाही. ज्या घरात वाद्य नकोच असे ठरले आहे, त्या घरातही आवाजाची वाट बंद होत नाही. हम्द, नात, तराना, मुलांची गाणी, कविता हे सारे बिनवाद्याचे गाता येते. ज्यांना डफ मान्य आहे त्यांना त्याची साथ घेता येते. ज्या घरात वाद्याला हरकत नाही, त्यांनी शब्दांची निवड आणि नमाजची वेळ सांभाळावी. अजान सुरू झाली की पेटीचा भाता बंद करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मुलांना ती पहिल्या दिवशीच सांगावी.

परकी विद्या नव्हे

'आपल्यात हे चालत नाही' या वाक्याला मात्र इतिहासाचा आधार नाही. जात्यावर दळताना गावोगावच्या मुस्लिम बायकांनीही मराठीत ओव्या गायल्या. हळदीच्या, मेहंदीच्या रात्री ढोलकीवर गाणारी एखादी खाला प्रत्येक मोहल्ल्यात असायची. पेशवाईच्या उत्तरकाळात लावण्या-पोवाडे रचणारे सगनभाऊ मुसलमान होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाखोंच्या सभा आपल्या आवाजाने बांधून ठेवणारे शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म बार्शीचा.

कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँ होते. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज गेला. बराच काळ गाता येईना. आवाज परत आला तो पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्यांनी हट्ट सोडला नाही. जो आवाज उरला होता त्याला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून नावारूपाला आली आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्याच विद्येवर मोठ्या झाल्या. 'माझा आवाजच चांगला नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येक नवशिक्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणि मिरज. उत्तरेतल्या कैराना गावी १८७२ साली जन्मलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले, दफनही मिरजेतच. त्यांचे शागीर्द सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते.

त्याच मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तानपुरे बनवणारी घरे शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम उतरणीला लागले तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती बनवायला सुरुवात केली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. ते वाळवून, कापून त्यावर लाकडी दांडी बसते, मग नक्षी आणि पॉलिश. सगळ्यांत नाजूक काम शेवटचे, जवारी लावण्याचे. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा पृष्ठभाग कानाने ऐकत ऐकत इतका बारीक घासायचा की तार छेडताच आवाज भरून यावा. धार लावणारे हात आता सुराला धार लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एवढे सगळे ज्यांच्या घरात घडले त्यांनीच संगीताला परके म्हणावे, हे आम्हांला पटत नाही.

सुरुवात गळ्यापासून

वाद्य कोणतेही शिकायचे असो, आधी थोडे गायला शिकावे. गळ्यातून सूर निघाला की कान तयार होतो, आणि कान तयार झाला की बोटांना वाट सापडते.

पहिली पायरी आपली पट्टी शोधण्याची. ज्या उंचीवर 'सा' न ताणता लागतो आणि तिथून खाली-वर दोन्हीकडे जाता येते, ती आपली पट्टी. साधारणपणे पुरुष काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. पण हा नियम नाही. टीव्हीवरच्या गायकाच्या पट्टीत गाण्याचा हट्ट धरला की गळा बसतो.

दुसरी पायरी एकच सूर धरण्याची. तानपुऱ्याचा आवाज लावावा, मोबाईलवरचा चालेल. ताठ बसावे, पोटातून श्वास घ्यावा आणि 'सा' लावून ठेवावा. श्वास संपेपर्यंत तो हलता कामा नये. पंधरा दिवस एवढेच केले तरी फरक जाणवतो. मग सा रे ग म, मग पलटे, मग भूप. भूपात पाचच सूर, मध्यम आणि निषाद नाहीत, म्हणून नवशिक्याला तो सोपा जातो. पाठोपाठ यमन येतो.

रोज वीस मिनिटे पुरतात, पण रोज. आठवडाभर काही न करता रविवारी दोन तास बसण्याचा उपयोग नाही. फजरनंतरची वेळ उत्तम. घर शांत असते, पोट रिकामे असते. खालच्या सुरांचा, खर्जाचा रियाज त्याच वेळी करावा. घसा दुखत असेल तर त्या दिवशी फक्त ऐकावे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो, तेव्हा त्याला उंच सुरात ओढू नये आणि त्याच्या आवाजावर हसू तर मुळीच नये. अशा एका हसण्याने कित्येक जण कायमचे गप्प झाले आहेत.

वाद्य निवडताना

पेटी सर्वांत सोयीची. पट्टी दाबली की सूर तयार. पण तोच तिचा धोकाही आहे. तिचे सूर ठरलेले, त्यांतून मींड निघत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. १९४० पासून तीस वर्षे आकाशवाणीने पेटीला दूर ठेवले, त्यामागे हीही तक्रार होती. म्हणून पेटी वाजवत गाण्याबरोबर पेटी बंद करूनही गाऊन पाहावे. सूर टिकला तर तो आपला.

तबल्यात सहा-आठ महिने केवळ बोल घोटावे लागतात. आधी हातावर ताल मोजायला शिकावे. दादऱ्याच्या सहा मात्रा, केरव्याच्या आठ, तीनतालाच्या सोळा. भाजी चिरतानाही मोजता येतात. सतारीला हाताची पकड आणि सबुरी दोन्ही लागतात. उजव्या तर्जनीवर तारेची मिजराब घट्ट बसते, डाव्या बोटांना तारा कापतात. काही आठवड्यांनी घट्टे पडले की त्रास कमी होतो. लहान मुलाला मोठी सतार देऊ नये.

पहिल्याच महिन्यात महागडे वाद्य घेण्याची घाई नको. आधी उस्तादांच्या किंवा शिक्षकांच्या वाद्यावर शिकावे, मग त्यांनाच सोबत नेऊन खरेदी करावी. जुने, नीट दुरुस्त केलेले वाद्य नव्या स्वस्त वाद्यापेक्षा चांगले. शिस्त हवी असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद. पण परीक्षेसाठी गाणे शिकू नये. व्हिडिओ बघून बोटे कुठे ठेवायची ते कळते. सूर चुकला हे सांगायला समोर माणूसच लागतो.

मुलींचे काय?

हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवला, कारण तोच सर्वांत जड आहे. आठवीपर्यंत शाळेच्या समूहगानात पहिल्या रांगेत उभी राहणारी मुलगी नववीत एकाएकी मागे सरते. कोणी तिला मारून थांबवलेले नसते. 'आता मोठी झालीस' एवढे एक वाक्य पुरते. भाऊ मात्र क्लासला जात राहतो. दीनच्या नावाने हरकत असेल तर ती दोघांनाही सारखी लागू व्हावी. ती फक्त मुलीला लागू होत असेल, तर ती दीनची नाही, रिवाजाची आहे. सुरक्षिततेची काळजी खरी आहे. तिच्यावर उपाय आहेत. शिकवणाऱ्या बाई शोधाव्यात, क्लास घरी ठेवावा, अम्मीने सोबत बसावे. सोबत बसलेल्या अम्मीही हळूहळू शिकतात, हा वर फायदा.

चाळिशीनंतर शिकणाऱ्यांना बोटे जरा उशिरा साथ देतात, पण समज लवकर येते. त्यांना मैफिलीत गायचे नसते. नातवाला झोपवताना सूर नीट लागला, एवढे त्यांना खूप असते.

तेव्हा या सुट्टीत घरात कोणी असा विषय काढला तर 'नाही' म्हणण्याआधी एकदा ऐकून घ्या. आपल्या मौलानांना विचारा, शिक्षकांना भेटा, घरात मिळून ठरवा. ठरले की वीस मिनिटे टीव्ही बंद ठेवा. सुरुवातीचे काही महिने बेसूर ऐकावे लागेल. तेवढी सबुरी घरच्यांनी दाखवली, तर शिकणारा पुढची मेहनत आपली आपण करतो.