खोकताना लघवी सुटते? उपाय आहे

शिंकताना, हसताना, कळशी उचलताना लघवीचे थेंब सुटतात, म्हणून कितीतरी आज्या लग्नकार्याला, देवदर्शनाला जाणंच सोडतात. वय झालं की हे चालायचंच, असं मुळीच नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू साठीनंतरही बळकट करता येतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम त्यासाठीच आहे. वायू रोखताना आवळतो तसे हे स्नायू ५ सेकंद आवळा, तेवढाच वेळ सैल सोडा. श्वास चालू ठेवा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात. तोवर सोडू नका. पाणी तोडणं ही मोठी चूक, त्याने लघवी दाट होऊन मूत्राशय आणखी चिडतं. चहा कमी करा, पोट साफ ठेवा. जळजळ झाली किंवा रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा.