परिसंस्था : आंबेनळी घाटातील कारवी

एखाद्या क्षेत्रातील सजीव, त्यांचे परस्परसंबंध आणि भोवतालची निर्जीव परिस्थिती यांनी मिळून होणाऱ्या व्यवस्थेस परिसंस्था म्हणतात. पोलादपूर व महाबळेश्वर यांना जोडणाऱ्या आंबेनळी घाटाच्या उतारांवर हे संबंध कारवी या झुडपावरून चांगले उलगडतात. कारवी सु. ७ वर्षे फुलांवाचून वाढते. मग पावसाळ्याच्या उत्तरार्धात उतारावरील बहुतेक झुडपे एकदमच जांभळी होतात. मधमाश्यांना मकरंद मिळतो व फुलांचे परागण होते. हे परस्परोपकारी सहजीवन होय. एकाच वेळी बी विपुल झाल्याने ते खाणारे प्राणी सर्व संपवू शकत नाहीत, असे या सामुदायिक बहराचे एक स्पष्टीकरण दिले जाते व ते पटण्यासारखे आहे. बी धरल्यावर झुडूप मरते. सुकलेली बोंडे ओलाव्याने तडकून बी दूर उडते. मृत खोडे व पाने वाळवी, कवके व जीवाणू कुजवितात, त्यांतील द्रव्ये मातीत परततात आणि मोकळ्या उजेडात नवी रोपे दाटतात.

कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी पूर्वापार वापरल्या जातात. बी धरण्यापूर्वीच सरसकट तोड झाली, तर त्या उतारावर पुढील पिढीचे बी पडत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळल्या. खोलवरची दरड मुळांनी थोपत नाही. परंतु वरचा मातीचा थर मात्र तीच धरून ठेवतात.