लाळ तुमची, माहिती सगळ्या खानदानाची!

छोट्या नळीत लाळ भरायची, कुरिअरने पाठवायची आणि काही आठवड्यांत मोबाइलवर वाचायचं, आपले पूर्वज कुठले आणि दूरचे नातेवाईक कोण. 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकन कंपनीने याच कल्पनेवर दीड कोटी ग्राहक जमवले. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी लोकांना सांगितलं, तुमचा डेटा आणि लाळेचा नमुना नष्ट करायला लावण्याचा हक्क तुम्हाला आहे.

सगळ्यांना पडलेला प्रश्न साधा होता. कंपनी विकली गेली, तर आपला डीएनएही विकला जाणार का? पुढे कंपनीच्याच सहसंस्थापक अ‍ॅन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने ती घेतली. पण प्रश्न संपला नाही.

पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही

२०२३ मध्ये याच कंपनीत डेटाचोरी झाली होती. इतर साइट्सवरून फुटलेले पासवर्ड वापरून चोर सुमारे १४ हजार खात्यांत शिरले. पण माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची! कारण नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे एका खात्यातून इतर अनेकांची प्रोफाइल दिसत होती.

डीएनएचं वेगळेपण इथेच आहे. तुमचा निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. सख्ख्या भावंडांशी साधारण निम्मा जुळतो. म्हणजे चाचणीला 'हो' एकजण म्हणतो, पण उघड होतात सगळेच.

मी तर चाचणी केलीच नाही!

तरीही माग लागू शकतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया पोलिसांनी 'गोल्डन स्टेट किलर' म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या जोसेफ डीअँजेलोला अटक केली. त्याने स्वतःचा डीएनए कुठेच अपलोड केला नव्हता. पण जुन्या गुन्ह्यातला डीएनए वंशावळीच्या वेबसाइटवर टाकल्यावर त्याचे दूरचे नातेवाईक सापडले, आणि तिथून वंशवृक्ष मांडत पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले.

खुनी सापडला, हे चांगलंच झालं. पण ज्यांनी हौसेने डीएनए टाकला होता, त्यांनी या वापराला परवानगी दिली होती का?

नाव खोडलं की डेटा निनावी होतो, हाही समज २०१३ मध्येच डळमळला. संशोधकांनी इंटरनेटवर उपलब्ध माहिती जोडून संशोधनासाठी 'निनावी' डीएनए दिलेल्या काही लोकांची ओळख शोधून दाखवली.

मग डेटा कुलपातच ठेवायचा का?

नाही. जगातलं बहुतेक जनुकीय संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालंय. पण 'एमवायबीपीसी३' या जनुकातला एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि त्याचा संबंध हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी जोडला गेलाय. आपल्याकडच्या लोकांचा डीएनए तपासला नसता, तर हे कळलंच नसतं. डेटा वाटला नाही, तर उपचारही मागेच राहतात.

वाटायचं, पण नियमाने

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या 'हीला' पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. २०१३ मध्ये त्यांचा जीनोम कुटुंबाला न विचारता इंटरनेटवर प्रसिद्ध झाला आणि वाद उठल्यावर काढून घेतला गेला. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने लॅक्स कुटुंबाशी करार केला. संशोधकांनी अर्ज करायचा, एक समिती तो तपासणार, आणि त्या समितीत कुटुंबाचेही सदस्य असणार.

यालाच नियंत्रित प्रवेश म्हणतात. दार उघडं टाकायचं नाही आणि भिंतही बांधायची नाही. कोण येतोय, कशासाठी येतोय, हे विचारून आत घ्यायचं.

भारतात काय आहे?

'जीनोम इंडिया' प्रकल्पाने देशातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या १० हजार लोकांचे जीनोम वाचले. हा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे आणि जानेवारी २०२५ पासून ठरावीक नियमांनुसार संशोधकांना दिला जातो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. पण त्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा, जास्त कडक वर्ग नाही. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा कंपन्या आणि नोकरी देणाऱ्यांना जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी आहे, पण तिथेही आयुर्विमा त्यातून सुटलाय. आणि आपल्याकडे धोका एका माणसापुरता नाही. लोक पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्न करत आलेत. 'अमुक समाजात अमुक आजार' असा शिक्का बसला, तर तो सगळ्या समाजावर बसतो.

नळी पाठवण्याआधी एवढं विचारा

- नमुना चाचणीनंतर नष्ट करणार की साठवणार?
- संशोधनासाठीची संमती वेगळी मागताहेत की अटींतच घुसवली आहे?
- संमती नंतर मागे घेता येते का? आधीच वापरलेल्या डेटाचं काय होईल?
- डेटा आणखी कुणाला देणार, आणि कंपनी विकली गेली तर काय?
- नातेवाईक शोधण्याची सोय बंद ठेवता येते का?

आणि एक प्रश्न घरात विचारा. भावंडांना, आईवडिलांना, मोठ्या झालेल्या मुलांना सांगितलंय का? सही तुमची एकट्याची असली, तरी त्या नळीत वाटा सगळ्यांचा आहे.